‘मेली मेडिकी’ : वेल्समधील एका स्मृतिशिलेचे लॅटिन आणि तिचे शतक

वायव्य वेल्समधील लीन द्वीपकल्पात लांगिअन नावाचे खेडे आहे. तेथील चर्चच्या आवारात आपण एक अरुंद, खांबासारखा दगड पाहिलात आणि त्यावरच्या ‘मेली मेडिकी फिली मार्तिनी याकित’ या लेखाबद्दल तीन गोष्टी विचारल्या आहेत. लेखात साल नाही, राजाचे नाव नाही, तरी ‘पाचवे ते सहावे शतक’ हा काळ कोणी आणि कशावरून ठरवला. वाक्य लॅटिन व्याकरणाच्या हिशेबाने चुकलेले दिसते, ते का. आणि आपल्याकडच्या वीरगळांशी या दगडांचे काही नाते लावता येते का. मी शिलालेख वाचायला शिकले ती महाराष्ट्रातल्या लेखांवरून, आणि गेली बरीच वर्षे माझे काम ब्रिटनमधील याच जातीच्या दगडांवर चालते, त्यामुळे तिन्ही प्रश्न मला जवळचे आहेत. आपण ज्याला चूक म्हणता त्या चुकीवरूनच हे शतक बऱ्याच अंशी ठरते, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. (वेल्श भाषेतल्या दुहेरी ‘ल’चा उच्चार देवनागरीत मावत नाही. मी साधा ‘ल’च लिहीत आहे, वेल्श वाचकांनी क्षमा करावी.)

लेखाचे शब्दशः मराठी केले तर अडचण लगेच समोर येते: ‘मेलुस वैद्याचा, मार्तिनुसच्या मुलाचा, पहुडला आहे.’ ‘याकित’ हे क्रियापद कर्ता मागते. कर्ता प्रथमेत हवा, म्हणजे ‘मेलुस मेडिकुस फिलियुस मार्तिनी’ असे हवे होते, आणि येथे ‘मार्तिनी’ ही एकच षष्ठी आपल्या जागी आहे. बाकी ‘मेली’, ‘मेडिकी’, ‘फिली’ या तिन्ही षष्ठ्या अधांतरी लोंबत आहेत. शिवाय क्रियापदही पुस्तकी ‘याकेत’ असे नसून ‘याकित’ असे आहे. चार-पाच शब्दांच्या लेखात इतके काही असेल, तर कोरणारा अडाणी होता असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांना तो झालाही.

त्यातले सोपे आधी घेऊ. शेवटच्या, आघात नसलेल्या अक्षरातला ‘ए’ आणि ‘इ’ यांतला फरक बोलीतील लॅटिनमध्ये केव्हाच पुसट झाला होता. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पाचव्या-सहाव्या शतकांतील थडग्यांवर ‘याकित’ सर्रास सापडते. आपण ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शाळेत घोकतो आणि तरीही दुकानाच्या पाटीवर ‘विशेष सुचना’ असे रंगवलेले असते, कारण रंगवणाऱ्याच्या तोंडात तो भेदच नसतो. त्या पाटीवरून त्याला मराठी येत नव्हते असा निष्कर्ष कोणी काढत नाही, उलट मराठी ही त्याची रोजची बोली आहे हेच त्यातून दिसते. ‘याकित’चे तसेच आहे. ग्रंथांतून उसनी घेतलेली मृत भाषा असती तर तो शब्द बिनचूक लिहिला गेला असता. रोमन सैन्य आणि प्रशासन पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून निघून गेल्यावरही पश्चिमेकडच्या या डोंगराळ भागात लॅटिन कानांवर पडत होते आणि ओठांवर होते, याचा हा पुरावा आहे.

षष्ठीचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. या काळात आयर्लंडमधून लोक वेल्सच्या किनाऱ्यावर, विशेषतः नैर्ऋत्येकडे, येऊन वसले आणि त्यांनी आपली ओघम लिपी बरोबर आणली. ओघम म्हणजे दगडाच्या उभ्या कडेवर मारलेल्या रेघा आणि खाचा. कडेच्या एका बाजूला एक ते पाच रेघा, दुसऱ्या बाजूला एक ते पाच, तिरक्या आरपार एक ते पाच आणि कडेवरच्या छोट्या खाचा, इतक्यात सगळी वर्णमाला बसते. ओघम लेखाची ठरलेली पद्धत अशी की त्यात वाक्य नसतेच. ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढेच लिहायचे, आणि ‘हा दगड’ हे शब्द पाहणाऱ्याने मनात घालायचे. सेंट डॉगमेल्स येथील दगडावर लॅटिनमध्ये ‘साग्रानी फिली कुनोतामी’ आहे आणि कडेवर ओघममध्ये ‘साग्राग्नी माकी कुनातामी’. येथे ‘माकी’ म्हणजे ‘मुलाचा’. एकाच दगडावर एकच मजकूर दोन लिप्यांत असल्यामुळे ओघम अक्षरांची किंमत पक्की करण्यास एकोणिसाव्या शतकात याच दगडाने मोठी मदत केली. आता याच्या शेजारी खंडावरून, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवरून, आलेली ख्रिस्ती पद्धत ठेवा: ‘हिक याकित’, येथे पहुडला आहे, आणि अर्थात नाव प्रथमेत. दोन रिवाज एकाच दगडावर आले की नाव आयरिश रिवाजाने षष्ठीत राहते आणि क्रियापद ख्रिस्ती रिवाजाने मागे येऊन बसते. लांगिअनचा लेख हा असाच सांधा आहे, असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात.

मला हे स्पष्टीकरण अर्धेच पटते. लांगिअनच्या दगडावर ओघम नाही, आणि वेल्समधले पस्तीस-चाळीस ओघम दगड मुख्यतः दक्षिणेकडे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच उत्तर वेल्समधल्या पेनमाखनो येथील दगड. त्यावर लिहिले आहे: ‘कान्तिओरी हिक याकित, वेनेदोतिस किवे फुइत, कोन्सोब्रिनो माग्ली माजिस्त्राती’. म्हणजे, कान्तिओरी येथे पहुडला आहे. तो वेनेदोसचा (आजच्या ग्विनेदचा) नागरिक होता, माग्लुस या दंडाधिकाऱ्याचा चुलत किंवा मावसभाऊ होता. येथे ‘किविस’ हवे तिथे ‘किवे’ आहे आणि ‘कोन्सोब्रिनुस’ हवे तिथे ‘कोन्सोब्रिनो’. ही रूपे षष्ठीची नाहीत, म्हणून आयरिश रिवाजाने त्यांचा उलगडा होत नाही. त्याच गावच्या दुसऱ्या दगडावर ‘काराउसियुस हिक याकित इन होक कोन्गेरिएस लापिदुम’, म्हणजे ‘काराउसियुस या दगडांच्या राशीत पहुडला आहे’, असे आहे. तेथे ‘इन हाक कोन्गेरिए’ हवे होते, लिंगही गेले आणि विभक्तीही गेली. सगळे एकत्र पाहिले की चित्र असे दिसते: लोकांच्या स्वतःच्या ब्रिटानिक भाषेतून, जिच्यातून पुढे वेल्श निघाली, शब्दांचे अंत्य प्रत्यय याच सुमारास गळत होते. बोली लॅटिनमध्येही प्रत्ययांची भिस्त कमी होत होती. शेवटच्या अक्षरावर अर्थाचा भार उरलाच नव्हता, म्हणून कोरणाऱ्याने कानाला ओळखीचे जे रूप असेल ते घातले, आणि नावांसाठी सर्वांत ओळखीचे रूप दगडांवरून रोज दिसणारे ‘-ई’ हेच होते. म्हणजे आयरिश रिवाजाने रूप पुरवले आणि भाषेच्या झिजेने ते चालवून घेतले.

येथून शतकाच्या प्रश्नाकडे सरळ वाट जाते. वेल्समध्ये या जातीचे, म्हणजे केवळ लेख असलेले प्रारंभीचे दगड दीडशेच्या आसपास आहेत. कॉर्नवॉल, डेव्हन आणि नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये आणखी आहेत. व्ही. ई. नॅश-विल्यम्स यांनी 1950 साली वेल्सच्या दगडांची जी वर्गवारी छापली तिच्यात हा पहिला वर्ग आहे आणि त्याला पाचवे ते सातवे शतक असा काळ दिलेला आहे. त्यानंतरचे वर्ग अनुक्रमे साधे कोरलेले क्रूस, नक्षीदार मोठे क्रूस आणि रोमनेस्क (मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या) वळणाचे दगड असे आहेत. ही चौकट आजही वापरात आहे, परंतु एखाद्या दगडाला तिच्यातले नेमके घर देताना चार वेगवेगळ्या साक्षी घ्याव्या लागतात, आणि त्यांतली एकही एकटी पुरेशी नाही.

पहिली साक्ष वाक्प्रयोगाची. ‘हिक याकित’ हा प्रयोग ख्रिस्ती थडग्यांवर खंडावर रुळल्यानंतरच ब्रिटनच्या पश्चिमेकडे इतक्या प्रमाणात दिसणे शक्य आहे, म्हणून पाचव्या शतकाच्या फार मागे जाता येत नाही. तो नेमका गॉलमधून समुद्रमार्गे आला की रोमन ब्रिटनमध्येच आधीपासून होता, यावर मतभेद आहेत. पूर्वी लिऑन आणि व्हिएन या ऱ्होन नदीकाठच्या शहरांचे नाव फार खात्रीने घेतले जाई, आता तितक्या खात्रीने घेतले जात नाही.

दुसरी साक्ष अक्षरांच्या वळणाची. लांगिअनची अक्षरे रोमन स्मारकांवरची मोठी अक्षरे आहेत, पुस्तकी हाताचा स्पर्श त्यांना झालेला नाही. याच्या दुसऱ्या टोकाला अँगलसी बेटावरील लांगाद्वालाद्र येथील चर्चच्या भिंतीत बसवलेला दगड ठेवा. ‘कातामानुस रेक्स सापिएन्तिसिमुस ओपिनातिसिमुस ओम्नियुम रेगुम’, म्हणजे ‘कातामानुस राजा, सर्व राजांत परम ज्ञानी, परम ख्यातनाम’. हा ग्विनेदचा राजा कादवान, आणि त्याचा मृत्यू इ.स. 625 च्या सुमाराचा मानतात. या लेखात मोठ्या अक्षरांच्या मध्ये हस्तलिखितांतून उचललेली अर्ध-अन्शियल (ग्रंथलेखनातल्या गोलसर वळणाची) अक्षरे बिनदिक्कत येऊन बसली आहेत, म्हणजे मजकूर आखून देणारा माणूस ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या सहवासातला होता. सातव्या शतकात लेखणी छिन्नीवर हुकमत गाजवू लागली होती, आणि मेलुसच्या दगडावर तिची सावलीही नाही. मधल्या काळातल्या दगडांवर उलटा कोरलेला ‘न’ (रोमन N), कोन असलेल्या आडव्या रेघेचा ‘आ’ (A), आणि ‘फिली’सारख्या शब्दाच्या अखेरीस आडवा निजवलेला ‘इ’ (I) अशा खुणा दिसतात. हा आडवा ‘इ’ पश्चिम ब्रिटनची खास सही आहे. नवशिका वाचक त्याला खरचटा समजतो आणि सोडून देतो, मीही पहिल्या वर्षी एकदा सोडून दिला होता.

तिसरी साक्ष नावांच्या घडणीची, आणि ती मला सर्वांत गोड वाटते. ‘कुनोतामी’मध्ये दोन पदांना जोडणारा ‘ओ’ शाबूत आहे. त्याच नावाचे वेल्श रूप पुढे ‘कन्दाव’ असे होते, म्हणजे जोडणारा स्वरही गेला आणि अंत्य प्रत्ययही गेला. हे दोन्ही बदल साधारण सहाव्या शतकाच्या आगेमागे घडले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणून ‘कुनोतामी’ लिहिणारा दगड जुना आणि प्रत्यय टाकून नाव लिहिणारा दगड नवा, असा ढोबळ हिशेब करता येतो. ढोबळ एवढ्यासाठी की लेखन बोलण्याच्या मागे राहते. आपण ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. उद्या कोणी फक्त लिहिलेल्या ‘ज्ञ’वरून आपला उच्चार ठरवला तर तो फसेल. कादवानच्या दगडावर ‘कातामानुस’ लिहिले आहे, पण ज्या दिवशी तो दगड बसवला त्या दिवशी जमलेली मंडळी राजाला ‘कातामानुस’ म्हणत नसणार. जुने, भारदस्त रूप स्मारकासाठी राखून ठेवले होते. त्यामुळे नवे रूप सापडले तर दगड फार जुना नाही असे बळाने म्हणता येते, जुने रूप सापडले तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो.

चौथी साक्ष म्हणजे प्रत्यक्ष सन, आणि ती फक्त एकदाच मिळते, तीही वादग्रस्त. पेनमाखनोच्याच एका तुटक्या दगडावर ‘इन तेम्पोरे युस्ति… कोन…’ असे वाचतात. ते ‘युस्तिनी कोन्सुलिस’, म्हणजे ‘कॉन्सल युस्तिनुसच्या काळात’, असे पुरे केले तर इ.स. 540 मिळते, कारण त्या वर्षी युस्तिनुस कॉन्सल होता (कॉन्सल हे रोमन राज्यातले वर्षभराचे मानाचे पद, आणि वर्ष त्याच्या नावाने ओळखत). पुढच्याच वर्षी, 541 मध्ये, बासिलियुस कॉन्सल झाला आणि सम्राटाखेरीज इतरांना हे पद देण्याची प्रथा त्याच्याबरोबर संपली. मग लोक ‘अमक्याच्या कॉन्सलपदानंतर इतक्या वर्षांनी’ अशी कालगणना करू लागले. बहुतेक ठिकाणी बासिलियुसपासून मोजत, लिऑन-व्हिएनच्या परिसरात मात्र युस्तिनुसपासून मोजत राहिले. म्हणून पेनमाखनोच्या डोंगरात युस्तिनुसचे नाव दिसणे हे ऱ्होनकाठच्या संबंधाचे चिन्ह आहे, असा युक्तिवाद झाला. युक्तिवाद देखणा आहे, पण दगड तुटलेला आहे आणि पुरवलेली अक्षरे आपली आहेत. त्या अक्षरांवर 540 हे साल टांगायचे आणि त्या सालावर इतर दगडांचे शतक टांगायचे, हे मी करत नाही.

नाव वाचताच ते एखाद्या प्रसिद्ध माणसाला चिकटवण्याची घाई या क्षेत्रात फार जुनी आहे. पेनमाखनोचा काराउसियुस आणि 286 ते 293 या काळात ब्रिटनवर सत्ता बळकावणारा रोमन सेनानी काराउसियुस यांचे नाव एक आहे, एवढ्यावरून दोघांना एक मानणे चालणार नाही, मध्ये किमान दीड शतक जाते. कॉर्नवॉलमध्ये फॉई गावाजवळच्या दगडावर ‘द्रुस्तानुस हिक याकित कुनोमोरी फिलियुस’ असे वाचतात आणि लगेच ट्रिस्टन आणि इसोल्ड यांची मध्ययुगीन प्रेमकथा आठवतात. तेथे नावाच्या आरंभीच्या अक्षरांवरच एकमत नाही.

या बाबतीत सर्वांत बोधक दगड नैर्ऋत्य वेल्समधील कास्टेल द्विरान येथे 1895 मध्ये उजेडात आला. तो आता कारमार्दनशायरच्या संग्रहालयात आहे. वर वर्तुळातला क्रूस, खाली तीन ओळींत ‘मेमोरिया वोतेपोरिगिस प्रोतिक्तोरिस’, म्हणजे ‘प्रोतिक्तोर वोतेपोरिक्स याचे स्मारक’, आणि कडेवर ओघममध्ये एकच नाव: ‘वोतेकोरिगास’. सहाव्या शतकातला भिक्षू गिल्डास याने आपल्या काळच्या पाच जुलमी राजांवर आसूड ओढला आहे. त्यांतला एक देमेते या नैर्ऋत्य वेल्समधल्या लोकांचा पांढऱ्या केसांचा राजा वोर्तिपोर. प्रदेश तोच, नाव जवळपास तेच. मग काय, दगड सापडताच ‘गिल्डासचा राजा सापडला’ अशी आवई उठली आणि दगडाला सहाव्या शतकाच्या मध्याची तारीख मिळाली. पुढे या जातीच्या इतर दगडांची तारीख ठरवताना याच दगडाचा मापदंड झाला.

आता जवळ जाऊन पाहू. दगडावर पहिल्या अक्षरगटात ‘र’ नाही. लॅटिनमध्ये नाही आणि ओघममध्येही नाही, म्हणजे कोरणाऱ्याच्या हातून गळला असे म्हणण्याची सोय नाही, कारण दोन लिप्यांत, दोन पद्धतींनी, तोच ‘र’ दोनदा गळत नाही. ‘वोर्तिपोर’ आणि ‘वोतेपोरिक्स’ ही दोन वेगळी नावे आहेत. दुसरे म्हणजे ‘राजा’ हा शब्द लेखात कुठेही नाही. जे आहे ते ‘प्रोतिक्तोर’, आणि प्रोटेक्टर ही रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातली सम्राटाच्या रक्षकदलातील पदवी होती. ती या घराण्यात वारशाने चालत आली असावी असे एक मत. दुसरे मत मला अधिक रुचते: ‘वोतेपो-’ या पदाचा ब्रिटानिक भाषेत अर्थ ‘आश्रय’ असा होतो आणि ‘रिक्स’ म्हणजे राजा. तेव्हा ‘प्रोतिक्तोर’ हा आश्रयदात्याच्या नावावरचा लॅटिन श्लेष असू शकतो. तिसरी गोष्ट डोळ्यांना लगेच दिसते: लॅटिनमध्ये ‘पो’ आहे तिथे ओघममध्ये ‘को’ आहे. जिथे ब्रिटानिक भाषेत ‘प’ येतो तिथे जुन्या आयरिशमध्ये ‘क्व’ आणि मग ‘क’ येतो. म्हणजे कोरणाऱ्याने, किंवा मजकूर देणाऱ्याने, एका भाषेतले नाव नुसते दुसऱ्या लिपीत उतरवले नाही, तर दुसऱ्या भाषेत बदलून घेतले. दोन्ही भाषा जाणणारा माणूस तेथे उभा होता, ही माहिती माझ्या लेखी गिल्डासच्या राजापेक्षा मोलाची आहे. मापदंड म्हणून त्या दगडाचे स्थान मात्र आता डळमळीत आहे, आणि ज्यांनी त्यावर विसंबून तारखा दिल्या त्यांच्या तारखा पुन्हा तपासाव्या लागल्या.

या सगळ्याचा मेळ घालून मेलुसच्या दगडाबद्दल म्हणायचे तर: ‘याकित’ आहे म्हणून चौथ्या शतकात जायला नको, पुस्तकी अक्षर एकही नाही म्हणून सातव्या शतकात यायला नको, आणि षष्ठीचा सैलपणा मधल्या काळाशी जुळतो. म्हणून पाचवे शतक, फार तर सहाव्याचा पूर्वार्ध. याहून बारीक तारीख कोणी सांगितली तर ती कशावरून, हे जरूर विचारावे.

वाचनाबद्दल थोडे, कारण आपण पाठवलेल्या छायाचित्रात ऊन समोरून पडले आहे आणि अर्धी अक्षरे बुजली आहेत. लांगिअनचा लेख आडवा नसून दगडाच्या उंचीने वरून खाली उतरतो, त्यामुळे तो मान वाकडी करून वाचावा लागतो. ही उभी मांडणीही बहुधा ओघमच्या सवयीतून आलेली आहे. शिवाय या दगडाचा मधल्या काळात सूर्यघटिकेचा खांब म्हणून वापर झाला. अशा दगडावर प्रकाश बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून पडला पाहिजे. संध्याकाळचे ऊन उत्तम, नाहीतर अंधारात विजेरी बाजूला धरून ती हळूहळू फिरवावी. एका कोनात जी रेघ स्पष्ट दिसते ती दुसऱ्या कोनात नाहीशी होत असेल तर ती निसर्गाची आहे असे समजावे. खडूने अक्षरे रंगवू नयेत. एकदा खडू फिरवला की आपण आपलेच वाचन वाचू लागतो, आणि पुढच्या माणसाच्या छायाचित्रातही आपलीच समजूत उतरते. शेवाळ किंवा दगडफूल खरवडू नये, त्याबरोबर दगडाचा पापुद्राही येतो. शंका असलेले अक्षर शंका म्हणूनच टिपावे. 1945 आणि 1949 साली या बेटांवरील लेखांचा मोठा संग्रह छापणारे आर. ए. एस. मॅकॅलिस्टर अफाट कष्टाळू होते, पण इतरांना दिसत नाहीत ती अक्षरे त्यांना दिसत, आणि त्यांची कित्येक वाचने पुढे टिकली नाहीत.

एका अक्षराने काय होते याचे उदाहरण उत्तर वेल्समधल्या त्राउसवनिद येथील दगड देतो. ‘पोरियुस हिक इन तुमुलो याकित’ इथपर्यंत वाद नाही: पोरियुस येथे थडग्यात पहुडला आहे. पुढे ‘होमो … आनुस फुइत’, म्हणजे ‘तो … माणूस होता’. मधला शब्द बरेच दिवस ‘प्लानुस’ असा वाचला गेला. प्लानुस म्हणजे सपाट किंवा साधा, आणि त्यावरून तो महारोगी होता इथपर्यंत मजल गेली. दुसरे वाचन असे की ते ‘ख्रिस्तियानुस’चे संक्षिप्त रूप आहे, ग्रीक ‘खी’ आणि ‘ऱ्हो’ या दोन अक्षरांनी ख्रिस्ताचे नाव आखडून लिहिण्याची तेव्हाची पद्धत वापरून. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. दोन-तीन झिजलेल्या रेघा, आणि त्यांवर एका माणसाचा रोग किंवा धर्म अवलंबून!

वीरगळांच्या तुलनेबद्दल मी जरा कडक आहे. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ बोलतात ते चित्रांतून: खालच्या चौकटीत झुंज, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव बहुधा नसते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई इतकी तपशिलात आहे, पण तेथे कोण पडले हे तो दगड वाचून कळत नाही. वेल्सचे प्रारंभीचे दगड नेमके उलटे आहेत. चित्र नाही, क्वचित एखादा क्रूस, आणि कृत्य तर नाहीच. फक्त नाव, बापाचे नाव आणि पहुडणे. लढून मेला असे सांगणारा दगड इतका विरळ आहे की लानदेवी ब्रेवीचा इद्नेर्त लगेच आठवतो. ‘येथे याकोबुसचा मुलगा इद्नेर्त पहुडला आहे, जो पवित्र दावीदच्या’ चर्चच्या लुटीवरून मारला गेला, असा त्याचा सामान्यतः अर्थ लावतात. एडवर्ड लुइड या विद्वानाने सतराव्या शतकाच्या अखेरीस तो टिपून ठेवला म्हणून मजकूर आपल्याला माहीत आहे. पुढे चर्चच्या बांधकामात तो फोडला गेला आणि त्याचे तुकडे भिंतीत गेले, त्यांतला एक उलटा बसवलेला आहे. आणि पाहा, ‘इद्नेर्त’ या नावाला प्रत्यय नाही, म्हणून तो मेलुसपेक्षा बराच अलीकडचा. देवस्थानाच्या मालमत्तेसाठी पडलेला माणूस म्हणून त्याची तुलना आपल्या वीरगळांशी करायची असेल तर माझी हरकत नाही. मेलुसची मात्र करू नये.

खरे नाते वेगळ्या ठिकाणी आहे, आणि आपण मूळचे गोव्याचे असल्याचे लिहिले आहे म्हणून सांगते. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमिनीवरच थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत, चिन्हे कोरलेल्या, आणि लोक त्यांवरून चालत जातात. अशा पोर्तुगीज शिळांवर ‘आकी जाझ’ असे शब्द असतात. ‘आकी’ म्हणजे येथे, आणि ‘जाझ’ हे त्याच ‘याकेत’चे झिजलेले रूप: शब्दाच्या आरंभीचा ‘य’ पोर्तुगीजमध्ये ‘झ’कडे झुकला आणि शेवटचे अक्षर गळाले. लांगिअनच्या कोरणाऱ्याने ज्या शेवटच्या स्वरात गफलत केली तो स्वर पोर्तुगीजांनी पुढे टाकूनच दिला.

मेलुस खरोखर वैद्य होता का, हेही आपण विचारले आहे. ‘मेडिकुस’चा दुसरा अर्थ मला माहीत नाही, आणि वेल्सच्या या दगडांत वैद्याचा उल्लेख एवढा एकच आहे. कोणाचाही धंदा सांगणारे दगडच थोडे, वय सांगणारे त्याहून थोडे. पोविसमध्ये लानेर्विल येथे पातेर्निनुसच्या मुलीचा दगड आहे, नाव ‘रुस्तिका’ असावे, लेखात ते ‘रोस्तेएके’सारखे दिसते, आणि पुढे वय: तेरा. नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील व्हिटहॉर्नच्या दगडावर पस्तीस वर्षांचा लातिनुस आणि त्याची लहान मुलगी दोघांचीही वये दिली आहेत. पुढच्या वेळी वाटेत लानेर्विलला थांबणार असाल तर तेथेही संध्याकाळीच जावे, आणि छायाचित्रात दगडाशेजारी एखादी मोजपट्टी ठेवावी.